आयर्विन पुलाजवळचा पूर मॉडेलमध्ये लवकर का ओसरत होता

२०१९ चा महापूर संगणकावर उभा करताना सांगलीच्या आयर्विन पुलाजवळचं कृष्णेचं पाणी प्रत्यक्षापेक्षा फार लवकर उतरायचं. तेव्हा पातळी ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची खूण ४५ ची.

पावसाचा प्रवाह एचईसी-एचएमएस हे संगणकीय मॉडेल काढत होतं आणि मस्किंगम या गणिती पद्धतीने थेट सांगलीपर्यंत आणत होतं. ही पद्धत पाणी फक्त खाली नेते. खालचं पाणी वरच्याला अडवतं, हे तिला कळतच नाही. आपल्याकडे हरिपूरला वारणा, नृसिंहवाडीला पंचगंगा, त्यात नदीला उतार जेमतेम. सांगलीचा पूर म्हणजे मुख्यतः फुगवटा!

म्हणून एचएमएस कऱ्हाडच्या संगमाशी थांबवलं. पुढे एचईसी-रास या नदीप्रवाहाच्या मॉडेलचं द्विमितीय जाळं, म्हणजे नदी आणि काठ छोट्या चौकटींत विभागलेले, पूर्ण सेंट-व्हेनंट समीकरणांसह; ही समीकरणं खालून येणारा फुगवटाही धरतात. वारणा, पंचगंगा आणि मधले ओढे बाजूने सोडले. जाळ्याची खालची हद्द नृसिंहवाडीच्या खालच्या राजापूर बंधाऱ्यापलीकडे नेली. खरा फरक इथेच पडला. जाळ्यावर थेट पडणारा पाऊस एचएमएसमधून वगळा, नाहीतर तेच पाणी दोनदा मोजलं जातं. उपग्रहाच्या पावसाची वेळ जागतिक (यूटीसी) असते, तिच्यात ५ तास ३० मिनिटं मिळवायला विसरू नका.

आता ओसरण्याचा वेळ बराच जुळतो. सांगलीच्या नदीकाठच्या गावभागातल्या माणसाला तोच हवा असतो, घरी कधी परतायचं ते ठरवायला. शिखर अजून थोडं कमी येतं; पात्राचे नवे आडवे छेद (खोली-रुंदीची मोजमापं) मिळाले की तेही बघतो.