ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या सात पिनची जोडणी: हंगामभर टिकणारे मागचे दिवे

भरलेली उसाची ट्रॉली ताशी 20 किलोमीटरने चाललेली असते आणि मागून येणारी गाडी 80 ने. म्हणजे दोघांतलं अंतर सेकंदाला साधारण 17 मीटरने कमी होतं. डिपरच्या उजेडात ट्रॉली पन्नासेक मीटरवर दिसली, तर मागच्या चालकाच्या हातात तीन सेकंद उरतात. कारखाने, पोलीस आणि आरटीओ गळीत हंगामात रिफ्लेक्टर लावून देतात, ते लावावेतच. पण रिफ्लेक्टर उजेड पडला तरच चमकतो, आणि चिखलाने माखला की तोही नाही. ट्रॉलीला स्वतःचा उजेड हवाच. तो बंद पडण्याचं कारण बहुतेक वेळा बल्ब नसतो. अर्थची, म्हणजे प्रवाह बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी वायर असते.

सामान असं लागेल: ट्रॅक्टरला बसवायचं 12 व्होल्टचं सात पिनचं सॉकेट आणि ट्रॉलीच्या केबलला त्याचा प्लग, सात कोरची (आत सात वायरी असलेली) लवचिक ट्रेलर केबल, मागचे दोन दिवे (टेल, ब्रेक, इंडिकेटर एकत्र असलेले), वायरी एकत्र जोडायला झाकणाचा जंक्शन बॉक्स, रिंग थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची, बोल्टखाली आवळायची कडी), रबर ग्रोमेट (भोकाच्या धारेपासून केबल वाचवणारी कडी), पीव्हीसीचा फ्लेक्सिबल पाइप, क्लिपा आणि व्हॅसलीन. केबलची लांबी मोजताना ट्रॉली, दांडी आणि वर दीड मीटर धरा. घरातल्या वायरिंगची एकेरी कडक तार वापरू नका. ती हादऱ्याने आतून तुटते आणि बाहेरून शाबूत दिसते. केबलमधल्या वायरी किमान 1 एमएमच्या (म्हणजे 1 चौरस मिलिमीटर छेदाच्या) घ्या, अर्थची मात्र 2.5 एमएमची. केबलमधली अर्थ बारीक असेल तर तिच्या जोडीला 2.5 एमएमची वेगळी वायर ओढा.

हा फरक का, ते हिशेबाने बघा. ब्रेकचे 21 वॅटचे दोन बल्ब साडेतीन अँपिअर ओढतात, टेलचे 5 वॅटचे दोन मिळून पाऊण अँपिअरच्या थोडं वर, एक इंडिकेटर पावणेदोन. हे सगळे प्रवाह वेगवेगळ्या वायरींनी जातात, पण परत येतात एकाच अर्थने. 8 मीटर लांबीच्या 1 एमएमच्या वायरीत 6 अँपिअरला 0.8 व्होल्टहून जास्त दाब (व्होल्टेज) वाया जातो, 2.5 एमएममध्ये साधारण 0.35. बल्बचा उजेड दाबापेक्षा फार झपाट्याने घटतो, म्हणून ब्रेक लागला की लागला नाही हे मागच्याला कळत नाही.

आयएसओ 1724 या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे पिना अशा आहेत:

1 – डावा इंडिकेटर (पिवळी)
2 – फॉग लॅम्प (निळी). ट्रॉलीला नसेल तर रिकामी
3 – अर्थ (पांढरी)
4 – उजवा इंडिकेटर (हिरवी)
5 – उजवी टेललाइट (तपकिरी)
6 – ब्रेक (लाल)
7 – डावी टेललाइट (काळी)

बाजारातल्या केबलचे रंग याच क्रमाने असतीलच असं नाही. सॉकेटच्या मागे आणि प्लगच्या आत पिनजवळ आकडे कोरलेले असतात, त्यांच्यावरच चाला. चित्र बघून जोडायला गेलात तर समोरून आणि मागून बघताना डावं-उजवं उलटतं, आणि इंडिकेटर अदलाबदल होतात. ट्रॅक्टरला आधीच सॉकेट असेल तरी त्याच्यावर विसंबू नका. प्रत्येक पिनवर टेस्ट लॅम्प (दोन वायरी जोडलेला 12 व्होल्टचा बल्ब; दुसरी वायर अर्थला) लावून स्विच एकेक करून दाबा आणि काय लागतं ते लिहून घ्या. ट्रॅक्टरकडून टेलची एकच वायर येत असेल तर सॉकेटमध्ये 5 आणि 7 जोडून घ्या.

कामाला लागण्याआधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा. सॉकेट मागच्या बाजूला, दांडीच्या वर, हायड्रॉलिकचे हात हलताना घासणार नाहीत अशा जागी बसवा; तोंड किंचित खाली झुकलेलं असावं, म्हणजे पाणी साचत नाही. पिन 3 पासून निघालेली वायर ट्रॅक्टरच्या बॉडीला कुठेतरी स्क्रूने आवळू नका. थेट बॅटरीच्या निगेटिव्हला किंवा बॅटरीची अर्थपट्टी जिथे आवळली आहे त्याच बोल्टला न्या. ट्रॉलीकडेही तसंच: प्रत्येक दिव्याची अर्थ वायरनेच जंक्शन बॉक्सपर्यंत आणा आणि तिथून पिन 3 ला. शिवाय चासीला एक जोड द्यायचा असेल तर रंग खरवडून, चकाकतं लोखंड दिसल्यावर थिंबल आवळा आणि वर ग्रीस लावा.

हुकातून अर्थ मिळतेच, मग वेगळी वायर कशाला, असं अनेक वायरमन सांगतात. हुकाची पिन ग्रीस, गंज आणि मातीत असते. ताण आला की टेकते, उताराला सैल पडते. दिवे लुकलुकतात ते त्यामुळे. अर्थ पूर्ण तुटली तर त्याहून वाईट होतं: ब्रेकचा प्रवाह परतीची वाट शोधत टेलच्या फिलामेंटमधून उलटा ट्रॅक्टरकडे जातो. ब्रेक दाबल्यावर ट्रॅक्टरची स्वतःची टेललाइट मंद पेटली, किंवा इंडिकेटरबरोबर दुसरेच दिवे मिचकावू लागले, तर बल्ब बदलत बसू नका. आधी पिन 3 तपासा.

केबल चासीच्या आतल्या बाजूने, पाइपमधून न्या आणि दर 30-40 सेंटीमीटरला क्लिप मारा. लोखंडाच्या भोकातून जाताना ग्रोमेट हवंच. डंपिंग ट्रॉली असेल तर वायरिंग आणि दिवे खालच्या चासीवरच ठेवा, उचलणाऱ्या हौद्यावर नाही. दांडीवर केबलला इतकी सैल द्या की ट्रॅक्टर दोन्हीकडे पूर्ण वळला तरी ओढ बसणार नाही, आणि जमिनीलाही लागणार नाही. वळणावरच फ्यूज उडत असेल तर केबल इथेच चिमटली आहे.

उसाचे शेंडे मागे लोंबतात आणि दिवे झाकतात. चांगलं वायरिंग करूनही ट्रॉली अंधारात राहते ती यामुळे. उपाय सोपा आहे: दोन्ही दिवे एका आडव्या पट्टीवर बसवा, तिला दोन-तीन मीटरची जादा केबल द्या आणि भरल्यानंतर ती उसाच्या टोकाला बाहेरून बांधा.

बल्ब घेताना 12 व्होल्टचेच आहेत हे वाचून घ्या. 24 चा बल्ब लागतो, पण मंद. 21/5 वॅटच्या दोन फिलामेंटच्या बल्बचे कान वर-खाली असतात. जोर लावून उलटा बसवला की टेल झगझगीत आणि ब्रेक मंद होतो. ट्रॉली जोडल्यावर इंडिकेटर भराभर मिचकावत असेल तर जुना फ्लॅशर (इंडिकेटर मिचकावणारा डबा) वाढलेला भार पेलत नाही. भारावर न अवलंबणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर लावा. एलईडी दिव्यांनाही तोच लागतो, नाहीतर जुना फ्लॅशर मिचकावतच नाही.

दोन ट्रॉल्या ओढत असाल तर पहिलीच्या मागे दुसरं सॉकेट द्या, आकड्याला आकडा जोडून. बल्बचे दिवे असतील तर ब्रेक आणि टेलला प्रत्येकी एक रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू करणारा स्विच) लावा. त्याच्या टोकांवरच्या आकड्यांप्रमाणे जोडा: 30 ला बॅटरीवरून 15 अँपिअरच्या फ्यूजमधून 2.5 एमएमची वायर, 86 ला ट्रॅक्टरची जुनी वायर, 85 अर्थ, 87 वरून सॉकेट. फ्यूज उडतो म्हणून मोठा घालणं किंवा तार गुंडाळणं म्हणजे वायरिंगलाच फ्यूज करणं.

तपासायला मल्टिमीटर पुरत नाही. एकच तंतू शिल्लक असलेली वायरही मीटरवर 12 व्होल्ट दाखवते. 21 वॅटचा बल्ब लावून बघा. मग सगळे दिवे चालू ठेवून मागच्या दिव्याची अर्थ आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांत व्होल्ट मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर असेल तर कुठलातरी जोड कच्चा आहे. रस्त्यावर निघताना दोन्ही ब्रेक पॅडल एकत्र अडकवलेले हवेत. ब्रेकच्या दिव्याचा स्विच एकाच पॅडलवर असेल तर दुसरं दाबल्यावर दिवा लागत नाही.

पिनांना दर महिन्याला कोरड्या ब्रशने पुसून व्हॅसलीन लावा. ट्रॉलीला वेल्डिंग करायचं असेल तर प्लग आधी काढा, नाहीतर वेल्डिंगचा प्रवाह याच अर्थ वायरने ट्रॅक्टरपर्यंत पोचतो आणि वायरिंग जळतं.