खोल फिशटँकमधील शेवाळ काढण्यासाठी अवजारे कशी निवडावीत

घरातील फिशटँकची उंची दीड फुटापर्यंत असते, तोवर शेवाळ कशाने काढावे हा फारसा विचार करण्याजोगा प्रश्न नसतो. बाही वर सारून स्पंजाने काच पुसली की काम भागते. उंची दोन किंवा अडीच फूट झाली की मात्र तोच स्पंज अपुरा ठरतो. प्रौढ माणसाच्या काखेपासून बोटांच्या टोकापर्यंतचे अंतर साधारणपणे ६५ ते ७० सेंटिमीटर असते. त्यामुळे ७५ सेंटिमीटर खोल टाकीचा तळ हाताला लागतच नाही, आणि ६० सेंटिमीटरच्या टाकीत तो लागला तरी हातात जोर उरत नाही. त्यात दोन फुटी टाकी अडीच फुटी स्टँडवर ठेवलेली असल्यास तिची वरची कड जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे उभ्या माणसाच्या खांद्यापाशी येते. स्टुलावर चढून, काचेच्या कडेवर भार देऊन वाकणे हा यावरचा उपाय नव्हे. पाणी अर्धे उपसून मग हात घालणे हाही नव्हे. चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकीत सुमारे ४५० लिटर पाणी असते. नाशिकमध्ये ज्या सोसायट्यांना उन्हाळ्यात बोअरवेलवर किंवा टँकरवर दिवस काढावे लागतात, तेथे केवळ काच घासण्यासाठी सव्वादोनशे लिटर पाणी ओतून देणे कोणालाच पटणार नाही.

दुकानात जाण्यापूर्वी घरी तीन मापे घ्यावीत. पहिले माप वरच्या कडेपासून वाळूच्या पृष्ठभागापर्यंतच्या खोलीचे. दांड्याची लांबी या मापापेक्षा सहा ते आठ इंच जास्त असावी, म्हणजे मूठ पाण्याबाहेर राहते. त्याहून फार लांब दांडा घेण्यातही अर्थ नाही, कारण टाकीच्या वर माळा, कपाट किंवा टांगलेला दिवा असेल तर असा दांडा आत घालणे आणि बाहेर काढणेच अवघड होते. दुसरे माप काचेच्या जाडीचे. ते वरच्या उघड्या कडेवर मोजपट्टी किंवा व्हर्नियर लावून घ्यावे आणि विक्रेत्याने सांगितलेल्या जाडीवर अवलंबून राहू नये. मोजताना कडेला आतून चिकटवलेली आडवी आधारपट्टी त्यात धरली जाणार नाही, एवढी काळजी घ्यावी. तिसरे माप बहुतेक जण विसरतात. ते म्हणजे वरच्या मोकळ्या जागेचे. खोल टाक्यांची काच पाण्याच्या दाबाने बाहेर फुगू नये म्हणून वर काचेच्या पट्ट्या बसवलेल्या असतात, आणि या पट्ट्यांमधून अवजाराचे डोके आत जाईल का, आत गेल्यावर ते पट्टीच्या खालच्या काचेला टेकेल का, हे आधीच पाहून ठेवावे लागते.

मापे झाली की शेवाळ कोणते आहे ते पाहावे. नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत येणारा तपकिरी थर डायटमचा, म्हणजे एका प्रकारच्या सूक्ष्म शेवाळाचा असतो. तो मऊ असतो, कापडाने किंवा स्पंजाने निघतो आणि टाकी स्थिरावल्यावर बहुधा आपोआप कमी होतो. काचेवर धुळीसारखा पसरणारा हिरवा थरही मऊच असतो. खरी कसोटी लागते ती कडक, गोल, हिरव्या ठिपक्यांच्या शेवाळाशी. ते काचेला इतके घट्ट चिकटते की स्पंज त्यावरून नुसता घसरतो, आणि तेथे पात्याशिवाय पर्याय राहत नाही. खोल टाकीची आणखी एक गंमत आहे. पाण्यातून खाली जाताना प्रकाश क्षीण होत जातो, म्हणून तळाच्या वनस्पतींसाठी मालक प्रखर दिवा लावतो आणि त्याचा परिणाम वरच्या एक-तृतीयांश काचेवर हिरव्या ठिपक्यांच्या रूपाने दिसतो. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारचे ऊन येत असेल तर त्या बाजूच्या काचेवर थर आणखी लवकर धरतो. त्यामुळे आपले शेवाळ नेमके किती खोलीवर आणि कोणत्या काचेवर वाढते, हे दोन-तीन आठवडे पाहिल्याशिवाय सर्वात लांब आणि सर्वात महाग अवजार घेण्याची घाई करू नये.

आठवड्याच्या नेहमीच्या सफाईसाठी माझी पहिली पसंती मॅग्नेट क्लीनरला आहे. यात एक तुकडा पाण्यात आणि दुसरा काचेबाहेर असतो. बाहेरचा सरकवला की आतला त्याच्याबरोबर काच घासत जातो, आणि हात भिजवावा लागत नाही. खोल टाकीत मात्र तो निवडताना दोन गोष्टींवर तडजोड करू नये. पहिली गोष्ट काचेच्या जाडीची. अंतर वाढले की चुंबकाची ओढ झपाट्याने घटते. त्यामुळे ८ मिलिमीटर काचेसाठी बनवलेला मॅग्नेट १२ मिलिमीटर काचेवर नुसता फिरतो, शेवाळ काही निघत नाही, आणि वळणावर आतला तुकडा सुटून खाली जातो. याच्या उलट, गरजेपेक्षा फार जोरदार मॅग्नेट पातळ काचेवर लावला तर तो सरकवणे जड जाते आणि लावताना दोन तुकड्यांमध्ये बोट सापडू शकते. पाकिटावर दिलेल्या जाडीच्या मर्यादेत आपली काच मधोमध बसेल असाच नग घ्यावा. दुसरी गोष्ट म्हणजे आतला तुकडा तरंगणारा हवा. उथळ टाकीत बुडालेला तुकडा हाताने उचलता येतो. अडीच फुटी टाकीत तो वनस्पतींच्या मुळाशी जाऊन पडला तर तो काढण्याचेच एक वेगळे काम होऊन बसते. तरंगणारा तुकडा सुटला की पृष्ठभागावर येतो आणि बाहेरच्या तुकड्याने पुन्हा पकडता येतो. ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवलेला आहे त्यांनी असे जोरदार चुंबक हाताळू नयेत.

मॅग्नेटचा खरा धोका वाळूचा आहे. वाळूतील क्वार्ट्झ काचेपेक्षा कठीण असतो, आणि त्याचा एक कण आतल्या तुकड्याचा घासणारा पॅड व काच यांच्यामध्ये सापडला तर तेवढ्याने काचेवर कायमचा ओरखडा उमटतो. म्हणून वाळूच्या वर दोन इंचांपर्यंतच मॅग्नेट न्यावा आणि तेथून माघारी फिरवावा. मासे वाळू उकरणारे असतील, आणि फ्लॉवरहॉर्न किंवा ऑस्कर पाळणाऱ्यांना हे सांगायला नको, तर पॅड दर वेळी बाहेर काढून वाहत्या पाण्यात धुऊन, बोट फिरवून तपासावा. पाण्यातच लटकवून ठेवलेला मॅग्नेट पाहिला की मला त्या टाकीच्या काचेची काळजी वाटू लागते.

कडक ठिपक्यांसाठी लांब दांड्याचे पाते लागते, आणि खोल टाकीतली बहुतेक निराशा याच खरेदीत होते. कारण दांड्याच्या लांबीत नसून त्याच्या वाकण्यात आहे. एका टोकाला धरलेला दांडा दुसऱ्या टोकाशी तितक्याच जोराने दाबला, तर लांबी दुप्पट झाल्यावर तो आठपट वाकतो. म्हणजे एक फुटी दांडा जेथे जेमतेम लवतो, तेथे त्याच जाडीचा दोन फुटी दांडा धनुष्यासारखा वाकतो, पाते काचेवरून उडते आणि ठिपका तसाच राहतो. म्हणून दांडा लांब घ्यायचा तर त्याचा व्यासही वाढला पाहिजे. एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा दांडा साठवायला सोयीचा असला तरी तो प्रत्येक सांध्यावर थोडा हलतो. शक्यतो एकसंध, पोकळ स्टेनलेस स्टीलचा किंवा जाड ॲल्युमिनियमचा दांडा घ्यावा. दुकानातच तो मुठीकडून धरून पाते पाकिटासह काउंटरवर दाबून पाहावे. डोके डुगडुगत असेल, स्क्रू गंजणाऱ्या लोखंडाचे असतील, किंवा दांडा डोळ्यांना दिसेल इतका वाकत असेल, तर तो परत ठेवावा. जाळी, काटा, स्पंज आणि खरवडणी एकाच प्लॅस्टिकच्या दांड्यावर बसवून देणारे ‘पाच कामांचे’ संच स्वस्त आणि आकर्षक असतात. दीड फुटाच्या पुढे त्यांतले एकही काम नीट होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मनासारखा दांडा बाजारात मिळाला नाही तर नाशिककरांना एक चांगला मार्ग आहे. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत फॅब्रिकेशनची लहान वर्कशॉप आहेत. खोलीचे माप आणि पात्याचे डोके नेऊन दाखवले तर असा दांडा बनवून घेता येईल. गोड्या पाण्यासाठी ३०४ प्रतीचे स्टेनलेस स्टील पुरते. खाऱ्या पाण्याची टाकी असेल तर ३१६ प्रतीचा आग्रह धरावा. पितळेचा किंवा तांब्याचा भाग मात्र कोठेही नसावा, कारण तांबे झिंग्यांना आणि गोगलगायींना घातक ठरते.

डोक्याचा कोनही महत्त्वाचा असतो. दांडा वरून उतरतो आणि काच उभी असते, त्यामुळे पाते दांड्याच्या सरळ रेषेत असेल तर ते काचेला नीट लागण्यासाठी दांडा बराच तिरका करावा लागतो, आणि रुंदी कमी असलेल्या टाकीत तो समोरच्या काचेला किंवा वरच्या पट्टीला अडतो. कोनात वाकवलेले किंवा कोन बदलता येणारे डोके अशा टाकीसाठी योग्य. काम करताना पाते काचेशी ३० ते ४५ अंशांत धरावे आणि शक्यतो वाळूच्या थोडे वरून सुरुवात करून वरच्या दिशेने ओढत आणावे, म्हणजे वाळूचा कण पात्याखाली येण्याची शक्यता घटते. दोन काचांच्या सांध्यातील सिलिकॉनवर पाते कधीही नेऊ नये. तेथे पडलेला चरा आज दिसणार नाही, पण गळती तेथूनच सुरू होऊ शकते.

मग कोपरे आणि वाळूलगतची दोन इंचांची पट्टी कशाने स्वच्छ करावी? येथे मॅग्नेट आणि पाते दोन्ही बाद होतात. लांब पट्टीला घट्ट बांधलेला मऊ टूथब्रश कोपऱ्यांना पुरतो, आणि वाळूलगत एखादे निरुपयोगी प्लॅस्टिकचे कार्ड चिमट्यात किंवा दांड्याच्या फटीत धरून चालवता येते. बांधण्यासाठी तांब्याची तार नको, नायलॉनची झिप टाय हवी.

ॲक्रिलिकच्या टाकीला वरील बहुतेक नियम लागू होत नाहीत. ॲक्रिलिकवर ओरखडे फार सहज पडतात, म्हणून तेथे धातूचे पाते पूर्णपणे वर्ज्य. ॲक्रिलिकसाठी असल्याचे स्पष्ट लिहिलेला मॅग्नेट आणि प्लॅस्टिकचे पाते एवढेच वापरावे. भांडी घासण्याची हिरवी घासणी आणि तारेची घासणी तर काचेच्या टाकीतही नको. साबण लागलेला स्वयंपाकघरातील कोणताही स्पंज माशांच्या वाटेला जाऊ देऊ नये.

पाण्याच्या रेषेवर जमणारा पांढरा, खरखरीत थर शेवाळ नसून क्षार असतात. गंगापूर धरणातून येणाऱ्या महापालिकेच्या पाण्यापेक्षा बोअरवेलचे जड पाणी वापरणाऱ्यांच्या टाकीत तो अधिक दिसतो. पाणी बदलताना पातळी उतरल्यावर साध्या पांढऱ्या व्हिनेगरने भिजवलेले कापड काही मिनिटे त्यावर लावून ठेवावे, मग प्लॅस्टिकच्या कार्डाने खरवडावे आणि स्वच्छ ओल्या कापडाने पुसून घ्यावे. व्हिनेगर टाकीत ओघळू देऊ नये. हा थर पात्याने सुका खरवडण्याचा मोह टाळावा.

सफाई पाणी बदलण्याच्या दिवशीच, पण बदलण्यापूर्वी करावी, म्हणजे सुटलेले शेवाळ सायफनने, म्हणजे पाणी उपसण्याच्या नळीने, बाहेर जाते. खोल टाकीसाठी सायफनची कडक नळीही तळापर्यंत पोचणारी हवी, आणि ती तोंडाने ओढून सुरू करू नये. हात पाण्यात घालण्यापूर्वी हीटर, दिवा आणि पंप यांचे प्लग काढावेत. हीटर तर पातळी उतरण्याच्या काही मिनिटे आधीच बंद करावा, कारण तापलेली काचेची नळी हवेत उघडी पडली की तडकू शकते. नाशिकच्या थंडीत हीटर सतत चालू असतो, तेव्हा हे विशेष लक्षात ठेवावे. हातावर जखम असेल तर खांद्यापर्यंतचे रबरी हातमोजे घालावेत, कारण टाकीच्या पाण्यातील काही जिवाणू जखमेतून शिरून त्वचेचा चिवट संसर्ग करतात. एका वेळी पाव भागाहून अधिक पाणी बदलू नये, आणि नळाचे पाणी भरताना त्यातील क्लोरीन घालवणारे अँटी-क्लोरीन विसरू नये.

सकर मासा आणला की अवजारांची गरज उरत नाही, असे अनेक विक्रेते सांगतात. लहान सकर थोडे मऊ शेवाळ खातो, हे खरे; बाजारात सर्रास मिळणारा सकर मात्र फूटभर किंवा त्याहून मोठा होतो, शेवाळातील रस गमावतो आणि विष्ठेने पाणी घाण करतो. नेराइट गोगलगायी कडक ठिपक्यांवर काही प्रमाणात उपयोगी पडतात. दिवा रोज सहा ते आठ तासांवर आणणे मात्र या दोहोंपेक्षा परिणामकारक, आणि त्यासाठी एक साधा टायमर पुरतो.

काम झाल्यावर पाते स्वच्छ पाण्याने धुऊन, पुसून, कोरडे करून झाकणासह ठेवावे. साध्या कार्बन स्टीलचे पाते ओले राहिले तर लवकर गंजते, आणि गंजलेली धार काचेवर पुन्हा लावू नये. मॅग्नेटचे दोन्ही तुकडे वेगवेगळे आणि कोरडे ठेवावेत. आवरणाला तडा गेलेला दिसला तर तो नग बदलावा, कारण अशा क्लीनरमधला जोरदार निओडिमियम चुंबक पाण्याच्या संपर्कात आला की आतून गंजून फुगतो. या अवजारांसाठी बादली आणि कापडही वेगळे असावे, आणि घरातील इतर कोणी फरशी पुसायला ते नेऊ नये म्हणून त्यांवर ठळक खूण करून ठेवावी.