हिवाळ्यात पक्ष्यांच्या पायातल्या कड्या कशा वाचायच्या

पक्षी पकडून त्याच्या पायात ओळखीची कडी घालणं हे परवानाधारक अभ्यासकांचं काम. बीएनएचएसनं (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) पहिल्या कड्या १९२७ मध्ये घातल्या. आपल्या गटानं त्या वाचायच्या. न वाचलेली कडी काहीच सांगत नाही.

ठाणे खाडीवर भरतीच्या दोन तास आधी पोहोचा. पाणी चढतं तसे टिलवे, चिखल्ये असे चिखलात चरणारे पक्षी काठाकडे सरकतात. ऊन पाठीशी घ्या. २० ते ६० पटींचा स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्यानं पाहायची दुर्बीण) आणि भक्कम ट्रायपॉड हवा. वाऱ्यात हलका ट्रायपॉड थरथरतो नि अक्षरं फिसकटतात.

आधी पाय ठरवा: डावा-उजवा पक्ष्याचा, तुमचा नव्हे. समोरून पाहताना सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. मग कडी गुडघ्यासारख्या सांध्याच्या वर की खाली, झेंड्यांचे (पायावरच्या रंगीत प्लास्टिकच्या पट्ट्यांचे) रंग वरून खाली याच क्रमानं, शेवटी अक्षरं. ८ आणि बी, सी आणि जी हमखास गोंधळवतात, म्हणून दोघांनी वेगवेगळं वाचून मगच लिहा. जुन्या झेंड्याचा पिवळा रंग उन्हानं पांढरट होतो. चिखल लागला असेल तर थांबा, पक्षी पाण्यात उतरला की पाय धुतला जातो.

धातूच्या कडीचा आकडा एका फोटोत मावत नाही. पक्षी वळेल तसे सलग फोटो घ्या. न दिसलेलं अक्षर अंदाजानं भरू नका, तिथे प्रश्नचिन्ह टाका. तारीख, वेळ, जागा, थव्याचा आकडा लिहून फोटोंसकट बीएनएचएसला कळवा. फोटोसाठी थवा उडवू मात्र नका.