नोकरी सोडायची की बंगला बांधायचा? आधी वही काढा

पन्नाशी ओलांडली की खान्देशातल्या नोकरदाराच्या डोक्यात दोन बेत एकदमच शिजायला लागतात. एक, आता पुरे झालं, राजीनामा टाकून गावाकडे जाऊ आणि वावर बघू. दुसरा, जळगाव-धुळ्याला घेऊन ठेवलेल्या प्लॉटवर एकदाचं घर बांधून मोकळं होऊ. दोन्हींचा पैसा एकाच खात्यातून जाणार असतो, पण घरातली चर्चा ऐकली तर वाटावं खाती दोन आहेत. पीएफच्या आकड्याकडे बोट दाखवून नवरा म्हणतो, "यात माझं म्हातारपण निघतं." त्याच आकड्याकडे बघत बायको म्हणते, "अहो, यात स्लॅब पडतो."

यातून बाहेर पडायची रीत सोपी आहे. मोठ्या खरेदीची किंमत रुपयांत न सांगता नोकरीच्या वर्षांत सांगायची. ती कशी काढायची, ते एक नमुना घेऊन पाहू. माणूस काल्पनिक आहे. त्याला आप्पा म्हणू. वय ५२, जळगाव एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात सुपरवायझर, २८ वर्षं नोकरी. भाड्याचं घर, एक रिकामा प्लॉट, यावल तालुक्यात वडिलोपार्जित घर आणि तीन एकर.

पायरी १: राहणार कुठे, ते आधी ठरवा

आकडेमोडीच्या आधी हा प्रश्न सोडवा, कारण बहुतेकांचे दोन बेत एकमेकांना छेद देणारे असतात. गावी जाऊन शेती करायची असेल तर जळगावात तीन बेडरूमचं घर कोणासाठी? मुलगा पुण्यात, मुलगी नाशिकला, आई-वडील गावी, आणि शहरातल्या बंगल्याला कुलूप, असं चित्र पिंप्राळ्यापासून देवपुरापर्यंत कुठल्याही नव्या कॉलनीत दिसतं. घरपट्टी भरायची, दर पावसाळ्यानंतर ओल बघायची आणि भाडेकरू मिळाला तर त्याच्या मागे लागायचं.

नवरा-बायकोने वेगवेगळ्या कागदांवर लिहावं: साठाव्या वर्षी मी कुठे राहत असेन? मग कागद अदलाबदल करून वाचावेत. उत्तरं जुळली नाहीत तर पुढची पायरी थांबवा. ३० वर्षं शहरात काढलेल्या बाईला गावी परत जायचंच असेल, हे गृहीत धरणारे पुरुष मला फार भेटतात.

पायरी २: वर्षाचा खर्च काढा, महिन्याचा नव्हे

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. महिन्याच्या खर्चाला बारानं गुणलं की वर्षाचा खर्च निघतो, हे आपल्याकडे खरं नाही. खान्देशातला खर्च उन्हाळ्यात गठ्ठ्यानं येतो. मार्च-एप्रिलमध्ये वर्षाचे गहू, डाळी, तिखट-हळद भरायची, शेंगदाणा तेलाचे डबे घ्यायचे. पाठोपाठ पापड, कुरडया, बिबड्यांचा घाट. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेक माहेरी येणार, तिची आणि नातवंडांची पाठवणी. मे महिन्यात पारा ४४-४५ वर गेला की कूलर-एसीचं बिल. वर लग्नसराई: भाऊबंदकीतली सगळी लग्नं त्याच दीड महिन्यात, प्रत्येक ठिकाणी आहेर आणि जाण्या-येण्याचं पेट्रोल. दिवाळी, मोटारसायकलचा विमा, शाळा-कॉलेजची फी हे वेगळंच.

म्हणून मागच्या बारा महिन्यांचं बँक पासबुक आणि यूपीआयचा हिशोब काढा, रोख खर्चाचा अंदाज बायकोला विचारा आणि एप्रिल-मे ही पानं स्वतंत्र लिहा. आप्पांचा महिना ३५ हजारांत भागतो, त्यात ९ हजार भाडं. वर्षातून येणारे हे गठ्ठे ८० हजारांचे. म्हणजे वर्षाला ५ लाख. भाडं गेलं, मग ते गावी जाऊन असो की स्वतःच्या घरात, तर ३ लाख ९० हजार.

पायरी ३: हातात नक्की काय आहे?

आप्पांकडे पीएफ २८ लाख, मुदत ठेव १२ लाख, म्युच्युअल फंड १० लाख. ग्रॅच्युइटीचा हिशोब असा: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. ३० हजारांवर २८ वर्षांचे सुमारे ४ लाख ८५ हजार. एकूण ५५ लाख धरू. प्लॉट आणि बायकोचे दागिने यात धरायचे नाहीत. जळगावसारख्या सुवर्णनगरीत राहूनही, किंवा राहतो म्हणूनच, हे सांगायला हवं: अंगावरचं सोनं मोडणार नसाल तर ते तुमच्या निवृत्तीचा पैसा नाही.

यातून मुलीच्या लग्नाचे ८ लाख आणि आजारपणाचे ४ लाख बाजूला काढले. उरले ४३ लाख.

आता पेन्शन. इथे नोकरीप्रमाणे माणसं तीन गटांत पडतात आणि शेजाऱ्याचं गणित आपल्याला लागू पडत नाही.

खाजगी नोकरीत ईपीएस-९५, म्हणजे पीएफसोबतची कर्मचारी पेन्शन योजना. पगार कितीही असला तरी पेन्शनसाठी मर्यादा १५ हजारांची, आणि सप्टेंबर २०१४ पूर्वीच्या सेवेला ६,५०० ची. सेवेची वर्षं गुणिले हा पगार, भागिले ७०. आप्पांना आजवरच्या २८ वर्षांच्या नोकरीचे महिन्याला ४ हजारांच्या आसपास मिळतील. तेही ५८ व्या वर्षी. पन्नाशीनंतर आधी घेता येतं, पण दर वर्षामागे ४ टक्के कपात. आणि यात महागाई भत्ता नाही. गावातल्या पारावर "आप्पा, कितला भेटतीन?" (किती मिळतील?) असं विचारणाऱ्याला हा आकडा सांगितला तर तो गप्पच होतो.

राज्य सरकारी किंवा जिल्हा परिषदेच्या नोकरीत १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेल्यांना जुनी पेन्शन. वीस वर्षांची सेवा झाली की तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती मागता येते. पेन्शन महागाई भत्त्यासह वाढत जाते, त्यामुळे गंगाजळी किती हा प्रश्न त्यांना तितका छळत नाही. त्यांचं नुकसान दुसरीकडे होतं. तीन वर्षं आधी सुटलात तर ३ टक्क्यांच्या तीन वेतनवाढी बुडतात आणि मूळ पेन्शन सुमारे साडेआठ टक्क्यांनी कमी बसते, ती कायमची. "आठवा वेतन आयोग लागू दे, मग बघू" असं भुसावळच्या रेल्वे कॉलनीत ऐकू येतं. त्यात चूक काही नाही, फक्त ती थांबण्याची एकमेव सबब नसावी.

नव्या योजनेतल्या सरकारी कर्मचाऱ्यांनी मात्र एक गोष्ट कोरून ठेवावी: एनपीएसमधून (राष्ट्रीय पेन्शन योजनेतून) मुदतीआधी राजीनामा देऊन बाहेर पडलात तर सहसा जमा रकमेच्या ८० टक्क्यांची अॅन्युइटी, म्हणजे विमा कंपनीची पेन्शन, घ्यावी लागते, हातात येतात २० टक्के. राजीनामा देऊन त्या पैशात घर बांधू, हा बेत त्यांच्यासाठी इथेच संपतो.

पायरी ४: बंगल्याची किंमत वर्षांत

आप्पा नोकरीत एक वर्ष जास्त राहिले तर दोन गोष्टी होतात. त्या वर्षाचा ३ लाख ९० हजारांचा खर्च साठ्यातून जात नाही, आणि पीएफ धरून दीड लाखाची भर पडते. म्हणजे नोकरीचं एक वर्ष म्हणजे ५ लाख ४० हजार. बंगल्याचं बजेट ३० लाख. भागाकार केला की साडेपाच वर्षं.

बंगला बांधायचा की नाही हे मी सांगत नाही. पण आज बांधला तर मोकळं होण्याची तारीख साडेपाच वर्षं पुढे जाते, हे वाक्य आप्पांनी घरात मोठ्याने म्हणून पाहावं. तेच घर फक्त तळमजला, दोन खोल्या-स्वयंपाकघर, १८ लाखांत बसवलं तर तीन वर्षं चार महिने. ८ लाखांचा ट्रॅक्टर दीड वर्ष.

व्याज आणि महागाई एकमेकांना खातात असं इथे धरलं आहे. मुदत ठेवीच्या पैशाबाबत ते फारसं चुकीचं ठरत नाही. महागाई ६ टक्के धरली तर बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो, एवढं डोक्यात असलं की पुरे.

पायरी ५: सुटायला किती लागतील?

इंटरनेटवर सगळीकडे वर्षाच्या खर्चाच्या २५ पट हा आकडा दिसतो. तो विल्यम बेंगन या अमेरिकन सल्लागाराने १९९४ मध्ये मांडलेल्या हिशोबावरून आला: पहिल्या वर्षी साठ्याच्या ४ टक्के काढा, पुढे महागाईप्रमाणे वाढवत जा, ३० वर्षं पैसा पुरेल. हिशोब तिकडच्या शेअर आणि रोख्यांचा, महागाईही तिकडची. आपला पैसा बहुतेक ठेवींत असतो. बावन्नाव्या वर्षी सुटणाऱ्याने ३० पट तरी धरावेत.

गावी जाऊन शेतीतून काही येईल ते वजा करा, पण कोणतं वर्ष धरायचं? केळीला बऱ्हाणपूरचा भाव फुटला होता ते वर्ष सगळ्यांच्या लक्षात असतं. मे-जूनच्या वादळात बाग आडवी झाली, सीएमव्ही या विषाणूजन्य रोगानं रोपं उपटावी लागली, ती वर्षंही लिहा. पाच वर्षांतलं वाईटातलं दुसरं वर्ष धरा. आप्पांच्या वावरातून खर्च वजा जाता दीड लाख धरू. उरला वर्षाचा खर्च २ लाख ४० हजार. तीसपट म्हणजे ७२ लाख. हातात ४३. आज सुटणं नाही.

अठ्ठावन्नाव्या वर्षी बघा. सहा वर्षांची भर ९ लाख, साठा ५२ लाख. पेन्शनचे वर्षाला किमान ४८ हजार वजा केले की गरज १ लाख ९० हजारांच्या आसपास, आणि त्या वयाला २५ पट चालेल: ४८ लाख. जमतं. पण फक्त बंगला न बांधता. ३० लाख काढून घेतले तर तेव्हा उरतील २२. तळमजल्याचा मार्ग घेतला तर १० लाख स्वतःचे आणि ८ लाख कर्ज. साडेआठ टक्क्यांनी सहा वर्षांचा हप्ता १४,२०० च्या घरात, त्यातले ९ हजार आज भाड्यात जातच आहेत. त्यात बचतीची भर मात्र जवळजवळ पीएफपुरतीच उरते, आणि सुटायला साठी उजाडते.

पायरी ६: एक उन्हाळा रंगीत तालीम

ज्या रकमेत पुढे भागवायचं आहे, तेवढीच रक्कम दर महिन्याला एका खात्यात वळवा आणि बाकीच्या पगाराला हात लावू नका. सुरुवात मार्चमध्ये करा, म्हणजे उन्हाळ्याचे गठ्ठे त्यातच सोसावे लागतील. दिवाळीनंतर सुरुवात करून तीन महिन्यांत "भागतंय की" म्हणणं सोपं असतं. साठलेल्या रजेतून सलग पंधरा दिवस गावीही राहून या, तेही मे महिन्यात, भारनियमनाच्या वेळापत्रकाप्रमाणे रात्री मोटार चालू करायला उठत.

पायरी ७: खरेदीच करायची तर

राहायचं घर नोकरीत असतानाच बांधावं, असं माझं मत. बँक पगाराची स्लिप बघून कर्ज देते. राजीनाम्यानंतर तीच बँक तुम्हाला वेगळ्या नजरेनं बघते. तयार घर किंवा प्लॉट घेणार असाल तर मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे ५ ते ७ टक्के बजेटमध्येच धरा.

शेतजमीन घेणार असाल तर आधी तुम्ही कागदोपत्री शेतकरी आहात का ते पाहा; नसाल तर महाराष्ट्रात सहसा परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. सातबाऱ्यावर इतर हक्कात विकास सोसायटीच्या कर्जाचा बोजा आहे का, भोगवटादार वर्ग २ (विक्रीवर बंधन असलेली जमीन) आहे का, फेरफार मंजूर आहे का, हे स्वतः वाचा. नंदुरबार आणि सातपुड्याच्या पायथ्याला आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय घेता येत नाही. "आपण करारनामा करून ठेवू" म्हणणाऱ्याला हात जोडावेत.

तीन एकरांसाठी ट्रॅक्टर घेऊ नये. भाड्यानं मिळतो.

पायरी ८: नोटीस देण्याआधीचा क्रम

आरोग्य विमा नोकरीत असतानाच, आणि शक्यतो तीन वर्षं आधी काढा. आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो. मधुमेह, बीपी लपवू नका.

वयाची ५५ पूर्ण करून निवृत्त होणाऱ्याला ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं दार साठीआधी उघडतं, मात्र मिळालेली रक्कम तीन महिन्यांच्या आत भरावी लागते. मर्यादा ३० लाख. ८.२ टक्के दरानं तेवढ्यावर तिमाहीला ६१,५०० व्याज येतं. दर सरकार तिमाहीला ठरवतं, पण एकदा गुंतवलं की पाच वर्षं तोच राहतो. ५४ व्या वर्षी सुटण्यापेक्षा ५५ व्या वर्षी सुटणं यासाठीच बरं.

मग कार्यालयाकडून पेन्शन, ग्रॅच्युइटी, रजेच्या रोखीकरणाचा आकडा लेखी घ्या. घराचं कर्ज घेणार असाल तर मंजुरीपत्र हातात आल्यावरच नोकरी सोडण्याचा अर्ज टाका. आणि सरकारी नोकरीत असाल तर हे माहीत असू द्या: स्वेच्छानिवृत्तीची नोटीस मागे घेण्याची विनंती करता येते, पण ती निवृत्तीच्या तारखेआधी, आणि मान्य करायची की नाही ते साहेबांच्या हातात. त्यामुळे त्या अर्जाची पोचपावती, शिक्का आणि तारखेसह, स्वतःच्या फाइलला लावून ठेवा.