झोपण्याआधी दिवसाची ओव्हर द्या

हॉस्पिटलात ड्युटी संपली म्हणून कुणी सिस्टर पर्स उचलून निघत नाही. आधी ओव्हर द्यायची. कुठल्या बेडवर कोण आहे, कुणाला ताप होता, कुणाचं सलाइन चालू आहे, कुणाचा रिपोर्ट यायचा राहिलाय. पुढच्या पाळीच्या सिस्टरने ते ऐकून घेतलं की मगच वॉर्ड डोक्यातून उतरतो. मी मिरजेत स्टाफ नर्स आहे. मन हलकं व्हायला रोज काय लिहू, असं ओळखीतलं कुणी विचारलं की मी हेच सांगते: दिवसाची ओव्हर द्या. स्वतःलाच, वहीत.

वही साधी घ्या. शंभर पानी, एकरेघी, शाळेच्या दुकानात मिळते ती. तारखा छापलेली डायरी नको, कारण चार दिवस सुटले की ती चार कोरी पानं डोळ्यांसमोर येत राहतात. तारीख आपल्या हाताने घातली की मागचं पान कधीचंही असो, आजचं पान आजचंच असतं. पेन वहीतच अडकवून ठेवा. पेन शोधायला उठलं की माणूस दुसऱ्याच कामाला लागतो. मोबाइलवर लिहिलं तरी चालेल, पण मग इंटरनेट बंद करून.

घड्याळाची वेळ ठरवण्यापेक्षा रोज न चुकता होणारं एखादं काम धरा आणि लिहिणं त्याला जोडा. रात्रीचा ओटा पुसला की वही. दुधाला विरजण लावलं की वही. माझ्यासारख्या पाळीच्या नोकरीत रात्री दहाची वेळ दर आठवड्याला बदलते, पण ड्युटीहून आल्यावर हातपाय धुणं बदलत नाही, म्हणून माझी वही त्यानंतर. सवय लागायला २१ दिवस पुरतात असं ऐकलं असेल, ते मनावर घेऊ नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २०१० मध्ये छापून आला. त्यात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवसांच्या आसपास लागले, आणि माणसामाणसांत फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंतचा. मला त्यातली दुसरीच गोष्ट जास्त धीराची वाटते: मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडलं नाही.

आता लिहायचं काय. रोज तीनच गोष्टी: काय घडलं, त्याने मला काय झालं, आणि उद्यावर काय राहिलं. पाच-सात मिनिटांचं काम.

पहिल्या दोन गोष्टी लिहिताना आमचा नर्सिंग नोट्सचा नियम पाळा, कारण सगळी गंमत तिथेच आहे. आम्ही पेशंटच्या कागदावर ‘पेशंट कटकट करतो’ असं लिहीत नाही. लिहितो ते असं: ‘रात्री २ वाजता अस्वस्थ. पोटात दुखत असल्याचं सांगतात. नाडी १०४. डॉक्टरांना कळवलं.’ जे पाहिलं ते, वेळेसकट. त्यावरून पुढच्या माणसाला काही करता येतं. ‘कटकट करतो’ वरून कुणालाच काही करता येत नाही.

स्वतःबद्दल लिहिताना मात्र आपण सगळे सरळ निकाल देतो. ‘मी चांगली आई नाही.’ ‘माझ्याने काहीच होत नाही.’ अशी वाक्यं रोज लिहीत गेलात तर वही मन हलकं करणार नाही, उलट तेच ते उगाळत बसाल. त्याऐवजी समजा एखादीने असं लिहिलं: ‘सकाळी पावणेआठला डबा भरताना मुलीवर ओरडले. ती न खाता गेली. रात्री झोप चार तासांची झाली होती. दुपारपर्यंत छातीवर दगड. राग कमी, भीती जास्त: हिचं दहावीचं वर्ष आणि माझं लक्ष नाही.’ पान तेवढंच भरलं. पण यात झोप दिसते, भीती दिसते, आणि संध्याकाळी मुलीशी काय बोलायचं तेही दिसतं.

भावनेचं नाव नेमकं लिहा. ‘टेन्शन आलं’ एवढ्यावर थांबू नका. भीती होती, राग होता, लाज वाटली, की एकटं वाटलं? लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मॅथ्यू लीबरमन यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवलं की भावनांनी भरलेले चेहरे पाहताना त्या भावनेला शब्द दिला, तर मेंदूतल्या भीतीशी जोडलेल्या अमिग्डला या भागाची खळबळ कमी होते. आणि अंगात कुठे जाणवलं तेही लिहा. खांदे, जबडा, पोट. पुष्कळ जणांना मनाचं आधी अंगातच कळतं.

खाडाखोड नको. नोट्समध्ये चुकलं तर आम्ही एकच आडवी रेघ मारतो, खालचं वाचता आलं पाहिजे. इथेही तसंच करा. शुद्धलेखन बघायला कुणी येणार नाही.

तिसरी गोष्ट, उद्यावर राहिलेलं, कोरड्या यादीसारखी लिहा, पण बारकाईने. ‘घरची कामं’ नको. ‘सासूबाईंची बीपीची गोळी संपत आलीय, सकाळी आणणे’, ‘लाइट बिल भरणे’. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात मायकेल स्कलिन यांनी ५७ तरुणांवर केलेला एक छोटा प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. झोपण्याआधी पाच मिनिटं, काहींना झालेली कामं लिहायला सांगितली, काहींना राहिलेली. राहिलेली लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली, आणि ज्यांची यादी जास्त तपशिलाची, त्यांना आणखी लवकर.

काही सुचत नसेल तर आज काय खाल्लं, कुणाचा फोन आला, एवढंच लिहून तारीख घाला आणि वही मिटा. तेही चालतं.

जुनी जखम असेल, एखादा मृत्यू, घरात झालेला अपमान, तर ती या पाच मिनिटांत बसवू नका. त्यासाठी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांची पद्धत आहे, कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर केलेल्या १९८६ च्या अभ्यासातली: ओळीने चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या गोष्टीबद्दल, घडलेलं आणि वाटलेलं दोन्ही. त्या विद्यार्थ्यांना लिहून झाल्यावर लगेच जास्त वाईट वाटलं, पण पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. नंतर अशा पुष्कळ प्रयोगांची एकत्र छाननी झाली तेव्हा फायदा दिसला, पण लहान. म्हणून जादूची अपेक्षा नको, आणि हे रात्री झोपताना तर नकोच. सुट्टीच्या दुपारी बसा, नंतर थोडं चाला, कुणाशी तरी बोला. घटना अगदी ताजी असेल तर थांबा. लिहिताना श्वास कोंडला, हात कापायला लागले, तर पेन खाली ठेवायचं. ते पान पूर्ण करायची सक्ती तुमच्यावर कुणीही केलेली नाही.

भरल्या घरात वही कुणी वाचेल ही धास्ती खरी असते, विशेषतः बायकांना. ती धास्ती असेपर्यंत खरं लिहिलं जात नाही. तेव्हा कुलपाचं कपाट असेल तर ते, नसेल तर नाजूक मजकूर सुट्ट्या कागदावर लिहून फाडून टाका. काम लिहिण्याने होतं, कागद ठेवलाच पाहिजे असं नाही.

महिन्यातून एकदा मागची पानं चाळा आणि झोप, डोकेदुखी, रडू येणं, चिडचिड यांच्याखाली रेघ ओढा. सलग दोन आठवडे उदास वाटतंय, जेवण-झोप बिघडलीय, कशातच मन लागत नाही असं दिसलं, तर वहीच्या भरवशावर राहू नका, डॉक्टरांना दाखवा. जगणं नको असा विचार एकदा जरी आला, तरी त्याच दिवशी घरातल्या कुणाला तरी सांगा आणि १४४१६ लावा. ही सरकारची टेलि-मानस सेवा आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलतात. डॉक्टरांकडे जाताना वही सोबत न्या. त्यांच्यासमोर बसलं की ‘बरं वाटत नाही’ यापलीकडे शब्द फुटत नाहीत, हे मी ओपीडीत रोज बघते. रेघ ओढलेल्या ओळी तारखेसकट वाचून दाखवल्या तरी त्यांना निम्मं कळतं.