परस्परसंमतीने विभक्त होताना मुलांची व्यवस्था आणि मालमत्तेची वाटणी कशी लिहावी

हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब खाली परस्परसंमतीने घटस्फोट मागताना पती-पत्नी किमान एक वर्ष वेगळे राहत असावे लागतात, आणि अर्जासोबत कौटुंबिक न्यायालयात सहसा संमतीच्या अटी, म्हणजे कन्सेंट टर्म्स, सादर केल्या जातात. पुढची अनेक वर्षे दोघांना हाच कागद बांधून ठेवणार असतो. म्हणून समेटाच्या दिवशी मने निवळलेली आहेत एवढ्यावर विसंबून तो मोघम ठेवू नये, उद्या पुन्हा बिनसेल असे गृहीत धरूनच त्यातील प्रत्येक ओळ लिहावी.

आधी मुलांचे ठरवावे, पैशांचे नंतर. फ्लॅटच्या बदल्यात मुलाचा ताबा किंवा पोटगीच्या बदल्यात भेटी अशी देवाणघेवाण एकदा सुरू झाली की मूल सौद्यातील वस्तू होऊन बसते, आणि तसे होऊ देणे मला अक्षम्य वाटते. कायद्याची दृष्टीही हीच आहे. पाच वर्षांखालील मूल सर्वसाधारणपणे आईकडे असावे असे १९५६ चा अज्ञानत्व व पालकत्व कायदा सांगतो, परंतु मुलाचे हित सर्वांत वरचे, हे तत्त्व त्याच कायद्यात स्पष्ट शब्दांत आहे.

‘वडिलांना वाजवी भेटीचा हक्क राहील’ हे वाक्य भांडणाचे मूळ ठरते. त्याऐवजी पहिल्या व तिसऱ्या शनिवारी सकाळी दहा वाजता वडिलांनी मुलीला आईच्या इमारतीच्या फाटकापाशी घ्यावे आणि रविवारी संध्याकाळी सहा वाजता तेथेच सोडावे, इतके नेमके लिहावे. मे महिन्याच्या सुट्टीचा कोणता अर्धा कोणाकडे, गणपतीचे आणि दिवाळीचे कोणते दिवस कोणाकडे आणि ते वर्षाआड कसे बदलतील, मूल आजारी पडल्यास हुकलेली भेट केव्हा भरून काढायची, व्हिडिओ कॉल कोणत्या वेळी, शाळेच्या पालकसभेला कोण जाणार, पासपोर्टच्या अर्जावर दोघे सह्या करतील का, नोकरीनिमित्त एकाला दुसऱ्या शहरात जावे लागले तर किती दिवस आधी कळवायचे, हे सर्व त्यात यावे. मूल मोठे होते तशा गरजा बदलतात, आणि ताब्याचा आदेश पुढे बदलून मागता येतो. आईने स्वतःची पोटगी सोडली तरी मुलाचा पोटगीचा हक्क त्यामुळे संपत नाही. शाळेची फी आणि औषधोपचाराचा खर्च कोण, कोणत्या प्रमाणात देणार हेही वेगळे नमूद करावे.

मालमत्तेबाबत एक गैरसमज आधी दूर करावा. महाराष्ट्रात लग्न झाले म्हणून एकमेकांच्या मिळकतीत निम्मा वाटा आपोआप मिळत नाही. ज्याच्या नावावर जे आहे ते सामान्यतः त्याचेच मानले जाते. गोव्यातील नागरी संहितेखाली मात्र विवाहपूर्व करार नसल्यास पती-पत्नींची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि दोघांचा निम्मा हिस्सा असतो. स्त्रीधन पत्नीचेच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा दागिन्यांची वजनासह यादी करून ते परत मिळाल्याची पोच अटींना जोडावी.

संयुक्त फ्लॅट सर्वाधिक त्रास देतो. कर्ज पती फेडेल असे अटींत लिहिले तरी बँक त्या करारात पक्षकार नसते आणि हप्ता थकला तर सहकर्जदार पत्नीलाही नोटीस येते, त्यामुळे तिचे नाव कर्जातून कमी करण्याचे बँकेचे लेखी पत्र मिळवणे ही अटच घालावी. हिस्सा सोडणाऱ्याने हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकांकडे नोंदवावे, त्यानंतर सोसायटीच्या भागपत्रावर (शेअर सर्टिफिकेटवर) बदल करून घ्यावा. मुद्रांक शुल्क दस्ताच्या प्रकारावर आणि नात्यावर ठरत असल्याने हा दस्त निवाड्याआधी करायचा की नंतर, हे वकिलांना वेळीच विचारावे.

रकमेचे हप्ते काळजीपूर्वक बांधावेत. निवाडा होईपर्यंत संमती मागे घेता येते आणि अर्जानंतर साधारण सहा महिने थांबावे लागते (सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निर्णयानुसार न्यायालय योग्य प्रकरणात हा काळ माफ करू शकते), म्हणून काही रक्कम अर्जाच्या वेळी, उरलेली निवाड्याच्या दिवशी धनाकर्षाने, म्हणजे डिमांड ड्राफ्टने, द्यावी. विमा, भविष्य निर्वाह निधी आणि बँक खात्यांवरील नामनिर्देशन लगेच बदलावे, आणि निवाड्याच्या चार-पाच प्रमाणित प्रती काढून ठेवाव्यात, कारण शाळा, बँक, सोसायटी आणि पासपोर्ट कार्यालय यांच्याकडे त्या पुन्हा पुन्हा लागतात.