मॉसफेट घेऊन कोबाल्टखाली जाण्याआधी

मॉसफेट हा एक ट्रान्झिस्टर. त्याने विकिरणाचा डोस मोजायचा, तर तो रुग्णालयातल्या कोबाल्ट-६० च्या उपचार यंत्राखाली ठेवून तपासावा लागतो. त्या फेरीसाठी आधी तापमापी. वही, लॅपटॉप, मल्टिमीटर कोणीही घेतंच, ते सांगत बसत नाही. तापमापी घ्या, आणि तीही भिंतीवरची नको. जिचा प्रोब सेन्सरच्या अंगाला चिकटवता येईल अशी. गेल्या खेपेला ती राहिली आणि सगळे आकडे रद्दीत गेले.

मॉसफेट मोजतो काय? विकिरणामुळे ऑक्साइडच्या थरात धन प्रभार अडकतो आणि थ्रेशोल्ड व्होल्टेज, म्हणजे ट्रान्झिस्टर चालू व्हायला गेट या टोकावर लागणारं व्होल्टेज, सरकतं. बाजारातल्या साध्या मॉसफेटला एका ग्रेमागे (ग्रे हे डोसाचं एकक) ही सरकण जेमतेम काही मिलिव्होल्टची, आणि तापमान एका अंशाने बदललं तरी तेच व्होल्टेज एखाद-दोन मिलिव्होल्ट हलतं. मे महिन्यात परभणीहून एसटीत भाजून निघालेली पेटी संभाजीनगरला बंकरच्या, म्हणजे यंत्राच्या जाड भिंतींच्या खोलीच्या, एसीत उघडली तर पंधरा-वीस अंशांचा फरक पडतो. डोस कुठला, उन्हाळाच मोजून येतो!

म्हणून आधीचं आणि नंतरचं रीडिंग एकाच खोलीत, एकाच तापमानाला. सकाळी विभागात घेतलेलं रीडिंग ‘आधीचं’ म्हणून चालवू नका. पोचल्यावर सेन्सर तासभर तिथेच पडू द्या, मग वाचा, आणि शेजारी तापमान लिहा. विकिरणानंतर पुन्हा लिहा.

यावर उपाय आहे, पण तो निघायच्या आधी करायचा. दोन-तीन तापमानांना प्रवाह-व्होल्टेजचे आलेख काढा. ते एकमेकांना जिथे छेदतात, तिथे तापमानाचा परिणाम जवळपास नाहीसा होतो. रीडर, म्हणजे सेन्सरचं व्होल्टेज वाचणारं उपकरण, त्याच स्थिर प्रवाहावर लावा. हा बिंदू प्रत्येक नगाचा वेगळा, डोस साठत गेला की तोही थोडा हलतो. तेव्हा तापमान तरीही लिहा.

गेटला धन व्होल्टेज द्यायचं असेल तर ९ व्होल्टची नवी बॅटरी. त्याने विकिरणामुळे सुटलेले इलेक्ट्रॉन आणि होल (धन प्रभार) पुन्हा जुळण्याआधी वेगळे होतात, संवेदनक्षमता वाढते, शिवाय वीज गेली तरी अडत नाही. नग काळ्या कंडक्टिव्ह फोममध्येच न्या. कोरड्या हवेत स्थिर विजेचा एक चटका बसला की गेट गेलं. यंत्राखाली ठेवताना सेन्सरवर अर्धा सेंटीमीटर पर्स्पेक्स (पारदर्शक प्लास्टिक), खाली त्याचाच जाड ठोकळा.

संदर्भ डोस रुग्णालयातल्या मेडिकल फिजिसिस्टच्या आयन चेंबरवरून, म्हणजे डोस मोजायच्या हवा भरलेल्या उपकरणावरून. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं, म्हणजे महिन्याला एक टक्क्याहून जरा जास्त घट. यंत्राचं गेल्या वर्षीचं आउटपुट (डोसाचा दर) वहीतून उचलू नका. चेंबरच्या आकड्यात करायच्या दुरुस्तीला हवेचा दाबही लागतो. मोबाईलवर बहुतेक वेळा दिसतो तो समुद्रसपाटीला नेलेला दाब, आणि संभाजीनगर साडेपाचशे मीटरहून उंच. तो आकडा घातला तर सहा-सात टक्क्यांची चूक. खोलीतला बॅरोमीटरच वाचा.

परवानगी लेखी. वेळ मिळते ती रुग्ण संपल्यावर, घाई करून उपयोग नाही. अंगावरचं विकिरण मोजणारा बॅज लावा. यंत्र फिजिसिस्टच चालवणार, आपण मध्ये बोट घालायचं नाही.

मग विकिरण, थांबा, वाचा. दर वेळी थांबायचं तेवढंच, कारण अडकलेला प्रभार हळूहळू सुटत असतो. सेन्सरची बाजू बदलू नका, चिकटपट्टी लावा. तापमान लिहिलं? पुढचा नग. शेवटी बॅटरी काढा, पर्स्पेक्स ज्याचं त्याला परत.